पान आपल्याकडं

सेतुराव रायर जेवणाऱ्याच्या तोंडाकडं कधी बघत नसत. पानाकडं बघत.

मद्रासला अड्यारच्या बाजूला कॉलेजच्या मुलांचं एक होस्टेल होतं. तिथली खानावळ रायरांच्या हाताखाली आणि मी रायरांच्या हाताखाली, वाढायला आणि पानं उचलायला. मुलाचं जेवण होत आलं की हे पाठीमागं पळी घेऊन उभे. त्यानं केळीचं पान आपल्याकडं मिटलं तर ठीक. पुढं ढकलून मिटलं की मेला. तसं मिटतात मयताच्या जेवणात, पुन्हा अशी पंगत नको म्हणून. आपल्याकडं मिटलं तर नातं राहतं, माणूस परत येतो. तमिळ पोरांना हे आईच्या मांडीवरच कळतं. दिल्लीच्या एका पोराला मात्र रायरांनी आठवडाभर नुसत्या उपम्यावर ठेवलं होतं.

"जेवण छान झालं म्हणाला की तो," मी म्हटलं.

"तोंड खोटं बोलतं रे गोविंदा. पान नाही."

लोक त्यांना चक्रम म्हणत. मी म्हणत नाही. मी तिसरीतून शाळा सोडलेला माणूस, पण चक्रम कोण हे कळायला चौथी लागत नाही.

ते स्वतः मात्र पानावर जेवत नसत. स्वयंपाकघरात उभ्यानं, ॲल्युमिनियमच्या ताटलीत, भिंतीकडं तोंड करून. तंजावरला बायकोच्या तेराव्याला मिटलं ते त्यांचं शेवटचं पान. हे मला त्यांच्या मेहुण्यानं सांगितलं. त्यांनी कधीच नाही.

मग व्हिएतनामची चार मुलं शिकायला आली आणि त्यांच्या स्वागताची पार्टी ठरली. वॉर्डन म्हणाले, "टेबलं लावू. काटे-चमचे आणू. कटलेट मागवू माउंट रोडवरून."

"दारी आलेल्या पाहुण्याला विकतचं?" रायर म्हणाले. "माझ्या हयातीत नाही."

"परदेशी आहेत हो ते. मांडी घालता येणार नाही."

"गुडघे त्यांनाही असतील."

"आणि फजिती झाली तर?"

रायरांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडून टेबलावर ठेवला. "पाहुणा पानावरून वाईट उठला तर ह्या तुमच्या. दुसरा माणूस बघा."

वॉर्डननी जुडगा खिशात टाकला. थट्टा नव्हती ती.

पार्टीच्या दिवशी गुलाबपाणी झालं, हार झाले, भाषणं झाली. पोरांनी वॉर्डनपेक्षा बरी मांडी घातली. भात खाणारीच माणसं ती. आंबट वरण, पचडी, पायसम, सगळं चाटूनपुसून. तुआन नावाचा सगळ्यांत किडकिडीत पोरगा, त्याचं जेवण आधी झालं. त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि पाकिटासारख्या कडा दाबून, व्यवस्थित, पान पुढं ढकलून मिटलं.

वॉर्डनचा हात खिशावर गेला. "काय रायर?"

रायर तुआनपुढं वाकले, पान उलगडलं आणि पायसम वाढलं. "जेवण कुठं संपलंय?"

पोरानं मान लववून ते खाल्लं. पान पुन्हा तसंच मिटलं. रायरांनी पुन्हा उलगडलं, रसम-भात वाढला. बिचाऱ्यानं तोही गिळला आणि हात जोडले. "पोदुम," तो म्हणाला. पोदुम म्हणजे पुरे. पंगतीत ऐकून शिकला होता. सगळी हसली. रायर नाही.

"इंग्रजीत समजावून टाकू का त्याला?" वॉर्डननी विचारलं.

"काय समजावणार? याच्या मुलखात लढाई झालेली. घरी कोण उरलंय, त्यालाही धड ठाऊक नाही. त्याला मयताचं सांगता?" रायर सरळ उभे राहिले. "जुडगा ठेवा तुमच्याकडं. पण या पोराला कोणी काही सांगायचं नाही."

रायर तसेच उभे. मग म्हणाले, "गोविंदा, पान मांड."

"कुणाचं?"

"माझं. तुआनच्या शेजारी. ऐकू येत नाही?"

मी मांडलं. रायर बसले. भात कालवला, खाली मान घालून चार घास खाल्ले. मग पानाची वरची बाजू धरली आणि सावकाश, एखाद्या पोरावर पांघरूण ओढावं तसं, पान आपल्याकडं मिटलं. तुआन बघत होता. त्यानं आपलं पान उलगडलं आणि रायरांसारखं मिटलं. मग रायरांकडं बघून हसला.

वॉर्डननी जुडगा काढून पुढं केला.

"हात उष्टा आहे," रायर म्हणाले. "खाली ठेवा."

पंगत उठली. मी पानं उचलायला लागलो. वॉर्डनचं पान उघडंच टाकलेलं होतं, शिकलेला माणूस. दाराशी गाय येऊन उभी राहिली होती, ही पानं तिचीच. शेवटी रायरांपाशी आलो. ते अजून पानामागं बसलेले, उजवा हात वाळून गेलेला.

मी वाकलो तसा त्यांनी डावा हात आडवा धरला.

"हे राहू दे. जरा वेळ."

गाय हंबरली. मी तिला म्हटलं, थांब.