वीस दांड्या, एकवीस फटी

“एवढी मोजमापं! जिन्याला काय सदरा शिवताय?” सासूबाई दाराआडून पुटपुटल्या.

मी गळ्यात टेप अडकवून ऐटीत उभी होते. सासूबाई महिन्याभरात दोनदा जिन्यावरून घसरल्या होत्या. पण त्यांच्यासमोर ‘आधार’ हा शब्द काढायची कोणाची टाप! म्हणून जाहीर झालं, की कठडा नणंदेच्या रांगत्या नातीसाठी. जी आजवर एकदाच आलीय!

दांड्यांचं गणित अर्थातच माझ्याकडे. दोन खांबांमध्ये तीनशे सेंटिमीटर. दांडी पाचाची. फट दहाची, म्हणजे बाळाचं डोकं आत जायला नको. तीनशे भागिले पंधरा, वीस दांड्या! एवढ्यासाठी लोक इंजिनियर होतात?

सुतारांनी दहाचा ठोकळा लावत दांड्या ठोकल्या. विसावी थेट शेवटच्या खांबाला जाऊन बिलगली, ग्रुप फोटोत ऐनवेळी घुसलेल्या काकांसारखी!

“वहिनी, इथली फट कुठे गेली?”

“तुम्हीच हरवली असेल!”

“अगं,” आमचे हे पेपरातून म्हणाले, “दांड्या वीस, तर फटी एकवीस.”

“मग आधी बोलायचं नाही?”

“टेप तुझ्या गळ्यात होती!”

सगळं उखडलं. दांड्यांचे शंभर वजा, उरलेले दोनशे भागिले एकवीस. जेमतेम साडेनऊ! आता फटी अशा सारख्या, की कंगव्याने लाजावं.

“वरची पट्टी किती उंचीवर ठोकू?” सुतारांनी विचारलं.

सासूबाई कान टवकारून बसलेल्या.

“बाळाचा हात पुरेल एवढ्या!” मी मोठ्याने म्हणाले आणि सुतारांना डोळा मारला.

सुतार कानापर्यंत लाल झाले. मान खाली घालून त्यांनी दांड्या कापायला घेतल्या. मी बाजारात गेले.

परतले तर कठडा माझ्या गुडघ्याला! फटींतून मांजर जाईना, पण वरून मात्र आरामात उडी मारून गेलं.

“फटी काय सुरेख आल्यात!” हे म्हणाले.

“अगदी सारख्या!” मी म्हणाले.

“बाळ खूश होईल,” सुतार म्हणाले. माझ्याकडे न बघता.

सासूबाई उठल्या. हरवलेली कुडी शोधावी तशा कमरेत वाकल्या, पट्टी धरली, दोन पायऱ्या उतरल्या. मग कण्हत सरळ झाल्या आणि माझ्या गळ्यातली टेप काढून माझ्याच हातात दिली.

“मी अजून रांगत नाही गं. आधार मला हवाय ना? मग माप माझं घ्या!”