मुन्शीनानांच्या दफा

नांदूरघाटच्या बाजारात थाळी वाजली की पोरांवर उगारलेले हात आपोआप खाली यायचे. थाळी वाजवणारे आमचे मुन्शीनाना. घरातलीच पितळी थाळी, तिच्यावर पळीचे ठोके, आणि मग केजच्या तहसील कचेरीत उभा जन्म घालवलेल्या माणसाचा तो कोरडा, सरकारी आवाज: "हर खास-ओ-आम को मालूम हो! दफा पहिली. रडत्या लेकराला 'का रडतोस' म्हणून दरडावू नये. मुल्जिमाकडून गुन्हा असा कबूल करून घेता येत नाही!"

नाना माझे शेजारी. मी इथल्या मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, मास्तर. ते पेन्शन घेऊन गावी परतलेले. बायको गेलेली, एकुलता एक मुलगा विनायक हैदराबादला नोकरीला. मदरशात यायच्या आधीच्या लेकरांना कसं वाढवावं, कसं शिकवावं, याचा त्यांनी कायदा करायला घेतला होता, आणि त्यातल्या प्रत्येक कलमाला ते कचेरीच्या सवयीनं दफा म्हणत. लहान लेकराला अक्षर दाखवू नये, आधी बैल दाखवावा. लेकरानं एकच गोष्ट दहांदा विचारली तर दहांदा सांगावी. एका शिक्क्यासाठी आपण कचेरीत तेवढे हेलपाटे घालतोच. माती खाणाऱ्या पोराला मारू नये. माती सरकारची आहे, हरकत सरकार घेईल.

गंमत अशी झाली, की वस्त्यांवरच्या लोकांना हे खरंच सरकारी वाटलं. त्यात त्यांची चूक नव्हती. निजामाचं राज्य, हुकूम उर्दूतून यायचे, ते कुणाला वाचता यायचे नाहीत. थाळी आणि आवाज, एवढ्यावरच लोक सरकार ओळखायचे. एक शेतकरी तर घाबरून चावडीवर गेला. "पाटील, माज्या बायकूनं काल पोराला चापट मारली. मी शेतात गेलतो. मला ह्यात धरू नगा."

पाटलांना काही उमगेना. नानांना बोलावणं गेलं.

"नाना, ह्यो कायदा कुणी केला?"

"मी."

"आन तुमाला कुणी सांगितलं करायला?"

"कुणी वेळेवर सांगितलं असतं, तर केव्हाच केला असता," नाना म्हणाले.

पाटलांनी थाळी बंद केली. त्या आठवड्यात गावातल्या पोरांनी मधल्या दिवसांचा सगळा मार एकदम खाल्ला.

थाळी गेली, तरी दफा राहिल्या. शेतावर जाणाऱ्या बाया आपली लेकरं नानांच्या दारातल्या लिंबाखाली सोडू लागल्या. पोरं चिंचोके, करडई, ज्वारी वेगवेगळी करत बसायची, आणि नाना त्यांच्यात बसून तेच करायचे. समोरची काशीबाई पोर सोडायची ते सोडायची, वर तोंडही सोडायची.

"आमच्या पोरावर लई माया दावता, नाना. इनायकाला चार वर्साचा असताना छडी हाणून अलिफ-बे शिकवलं. पार वेशीपतूर आरडा ऐकू यायचा. तवा कुठं गेलत्या ह्या दफा?"

नाना करडई निवडत राहिले. "तेव्हा मी घरातही कचेरीच चालवायचो, काशीबाई."

त्या संध्याकाळी ते मला म्हणाले, "मास्तर, शेवटची दफा अजून कुणाला सांगितली नाही. ती बापांसाठी आहे. विनायक यायचाय. नातवाला आता चौथं लागलंय. ती आधी त्याला ऐकवीन."

विनायक आला, बऱ्याच वर्षांनी. नानांनी नातवासाठी ओसरीवर चिंचोक्यांची रास घातली होती. विनायकनं मुलाला तिच्यापलीकडे उभं केलं. "आजोबांना म्हणून दाखव."

पोरानं हात बांधले, नजर बापाच्या उजव्या हातावर ठेवली, आणि फारसी शेर एकामागून एक, न अडखळता म्हटले. चिंचोक्यांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तुमचीच पद्धत, नाना." विनायकच्या आवाजात इतका आनंद होता, की मला वर बघवेना. "लोक विचारतात, एवढ्याशा पोराला हे येतं कसं? मी सांगतो, आमच्या घरची रीतच आहे."

नानांचे ओठ हलले. मी वाट पाहत होतो. आपल्या पोराला न्यायला आलेली काशीबाईही दारात थांबली होती. अख्ख्या बाजाराला दरडावणारा तो माणूस फक्त "शाब्बास" म्हणाला, आणि पाणी आणायला आत गेला. ती शेवटची दफा मी पुढे कधीच ऐकली नाही. आता नानाही नाहीत.

निघायच्या दिवशी नातू गाडीत बसला. नानांनी त्याची मूठ उघडली आणि तळहातावरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला.

विनायक हसला. "फार नाही मारत हो, नाना. तुमच्याएवढं तर नाहीच."

गाडी हलली. नाना तो हात तसाच धरून चाकाबरोबर चालू लागले. पोरगंही हात सोडवून घेईना. गाडीवान कासरा आखडून बैलांना नानांच्या पावलानं चालवत होता. ओढ्याचा उतार आला, तेव्हा तो मागे न बघता हळूच म्हणाला, "नाना, सोडा आता. हितून फुडं बैल माझं ऐकायचे न्हाईत."