रशीदभाईंचे बिऱ्हाडकरू

शोभेच्या माशांचं दुकान थाटून गिऱ्हाइकाला मासे न विकणारा माणूस पनवेलच्या बाजारात एकच. रशीदभाई.

माझा रक्तदाब वाढला तेव्हा डॉक्टर म्हणाले, घरात माशांची टाकी ठेवा आणि बघत बसा. मी रशीदभाईंकडे गेलो. त्यांनी टाकी दिली, फिल्टर दिला. मी चार मासे निवडले, तर म्हणाले, "मासा आज नाय मिळनार."

"का? हे समोर आहेत की!"

"ते माझ्या पाण्यात हाएत, साहेब. तुमच्या पाण्यात अजून कोन राहायला आलेला नाय. आधी बिऱ्हाडकरू येऊ द्या."

बिऱ्हाडकरू म्हणजे जिवाणू. रशीदभाईंनी उमेदीची वर्षं कुवेतच्या एका हॉटेलात भिंतीएवढ्या टाक्या सांभाळल्या होत्या. त्यांचा हिशेब साधा. माशाच्या घाणीचं पाण्यात विष होतं. पहिले बिऱ्हाडकरू ते खातात आणि दुसरं विष टाकतात. ते खायला दुसरे येतात. "पयल्यांनी ताट वाढल्याबिगर दुसरे बसत नाय. घाई केली तर मासा मरतो आन् लोक माझ्या नावानं बोंबलतात."

तर त्यांच्या हुकमानं मी रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाणं टाकू लागलो. बायको म्हणाली, "मासे नाहीत, आणि पंगत कुणाची?"

दर शनिवारी बाटलीत पाणी घेऊन दुकानात हजेरी. रशीदभाई त्यात औषधाचे थेंब टाकायचे आणि दारातल्या उजेडात रंग बघायचे. "पयले आले. दुसरे वाटेवर हाएत." माझा रक्तदाब वाढतच होता. सहाव्या शनिवारी त्यांनी चार मासे दिले, तेही लेक सासरी पाठवल्यासारखा चेहरा करून.

दिवाळीच्या साफसफाईत मी फिल्टरमधला काळाकुट्ट स्पंज भांड्यांच्या साबणानं घासून पांढरा केला. दोन दिवसांत एक मासा मेला. उरलेले तीन वर येऊन तोंडं उघडू लागले. मी बाजारात धावलो.

"काय धुतलात?" रशीदभाईंनी विचारलं.

"स्पंज."

"साबनानं?"

मी मान खाली घातली.

"त्या स्पंजातली अख्खी वस्ती उठवलीत तुमी!"

संध्याकाळ ऐन गर्दीची. त्यांनी गिऱ्हाइकांना बाहेर काढलं, आपल्या टाकीतला घाणेरडा स्पंज अर्धा कापून पिशवीतल्या पाण्यात टाकला, शटर ओढलं आणि स्कूटरवरून थेट खांदा कॉलनीत आमच्या घरी आले. स्पंज बसवला, निम्मं पाणी बदललं, आणि पाट मागून टाकीसमोर तासभर बसले. तिन्ही मासे वाचले. चहा मात्र घेतला नाही. "मेलेल्याच्या घरी चहा नाय घेत," म्हणाले.

पुढे एकदा दुकान चार दिवस बंद दिसलं, म्हणून पत्ता काढून घरी गेलो. बायको वारल्यापासून ते एकटेच राहत. अंगात ताप, खांद्यावर घोंगडी. खोलीत पलंगापेक्षा मोठी टाकी होती. पाणी नितळ, फिल्टर चालू, आणि आत एकही मासा नाही.

ते धडपडत उठले आणि टाकीत चिमूटभर खाणं टाकलं.

"मासे कुठायत?" मी विचारलं.

"लेक येनार हाय कुवेतवरनं. नातीला घेऊन. नातीला आपल्या हातानं सोडायचे हाएत." नात त्यांनी अजून फोनवरच पाहिली होती.

"कधी येणार?"

"सुट्टी मिळाली की." ते पलंगावर टेकले. "दोनदा रद्द झाली."

मी घोंगडी त्यांच्या अंगावर नीट ओढली. ते म्हणाले, "उद्या माझ्यानं उठवेल का नाय, ठाव नाय. तुमी याल?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून परस्पर तिकडे गेलो आणि टाकीसमोर उभं राहून चिमटीत खाणं घेतलं. ते पडल्या पडल्या माझ्या बोटांकडे बघत होते. "बस, एवढंच," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.