एजिदिओची सुई, वहिनींची खरबुजं

चूल पेटवायची नाही, काही ढवळायचं नाही. थंडगार खरबुजाची फोड, वर प्रोशुत्तोचा पातळ पापुद्रा, झालं ताट तयार. पण मरियामातेच्या सणाला फादर ओलिंतोंच्या पुढ्यात जाणाऱ्या या ताटाने एजिदिओच्या जिवाला वर्षभर घोर लावला होता.

प्रोशुत्तो त्याचा. मीठ लावून, डोंगरवाऱ्यावर टांगून, सवडीने मुरवलेली डुकराची मांडी. खरबूज थोरल्या भावाच्या बायकोचं, इव्होनवहिनींच्या परसातलं. फादरांचं प्रवचन म्हणजे अर्धं सांगणं, अर्धं गाणं. ऐकताना माणसाने तहानभूक विसरावी. गेल्या सणाला अशाच रंगलेल्या प्रवचनात, साऱ्या गावासमोर त्यांनी आभार मानले ते कुणाचे? खरबुजाचे. प्रोशुत्तोचं नावसुद्धा नाही.

"वहिनी, यंदा खरबूज मी निवडतो," सणाच्या आदल्या दिवशी एजिदिओ म्हणाला.

"निवडा की भाऊजी. जन्मभर मांड्याच हुंगल्यात, एकदा फळ हुंगून बघा."

बेत साधा होता. टोपलीतलं सगळ्यांत पाणचट खरबूज शोधायचं, म्हणजे प्रोशुत्तो आपोआप उठून दिसेल. प्रोशुत्तोच्या कारखान्यात एजिदिओच्या नाकाला तोड नव्हती. घोड्याच्या हाडाची बारीक सुई मांडीत खुपसायची, काढायची, हुंगायची, की आतलं सगळं कळलंच. तळघरात बसून तीच सुई त्याने पहिल्या खरबुजात खुपसली. वास आला प्रोशुत्तोचा. दुसऱ्यात खुपसली. पुन्हा प्रोशुत्तोच. इतकी वर्षं मांसात मुरलेली सुई दुसरं काही सांगेचना. इरेला पेटून त्याने अख्खी टोपली टोचून काढली.

रस गळायला लागला. गांधीलमाश्या जमल्या. तो घाबरला, आणि घाबरलेल्या माणसाचे हात सवयीचंच काम करतात. कोनाड्यात मांड्यांना लावायचा लेप होता, चरबी, तांदळाचं पीठ आणि मिरी यांचा. सुईचं भोक त्यानेच बुजवतात. एजिदिओने एकेक खरबूज मांडीवर घेऊन बुजवलं, वरून अंगठ्याने गुळगुळीतही केलं.

सकाळी वहिनी तळघरात उतरल्या. एक खरबूज उचललं, बोट फिरवलं, बोट हुंगलं.

"भाऊजी, यंदा खरबुजं वर्षभर टांगून ठेवायचा विचार आहे का?"

वेलावरची उरलेली फळं अजून हिरवी होती, आणि जेवायला फादर येणार होते. वहिनींनी सुरी घेतली आणि फोडी करायला बसल्या.

दुपारी फादर जेवले. दोनदा वाढून घेतलं, पण अक्षर बोलले नाहीत.

संध्याकाळी प्रार्थनेला गाव लोटलं. फादरांनी मरियामातेचं गुणगान केलं, सूर चढवला आणि मग डोळे मिटून थांबले.

"लेकरांनो, देवाची करणी बघा," ते म्हणाले. "आज इव्होनबाईंच्या खरबुजाला प्रोशुत्तोची गरजच नव्हती. त्याच्या पोटातच प्रोशुत्तोचा सुगंध होता."

सारं चर्च वहिनींकडे वळलं. एजिदिओच्या ओठांवर सगळं आलं होतं. पण सांगायचं तर सुईपासून सांगावं लागणार. त्याने ओठ घट्ट मिटले. छाती मात्र त्याचं ऐकेना, ती सदऱ्याच्या गुंड्या ताणत फुगतच गेली. आपली सुई, आपला लेप, आपली मांडी! फळाला वास लावणारा माणूस या खोऱ्यात दुसरा कोण होता?

शेजारी वहिनी मान खाली घालून, हात जोडून नम्रपणे बसल्या होत्या.

"भाऊजी," त्या हळूच पुटपुटल्या, "पुढच्या वर्षी जरा खोल टोचा."