सात पौंडांची शीळ

महिपतच्या जीपमध्ये बसणाऱ्यांना उतारू म्हणत ते अगदी योग्य होते, कारण चढण आली की ते उतरत. संगमेश्वरापासून आसपासच्या वाड्यांपर्यंत प्रत्येक चढणीचा शिरस्ता ठरलेला होता. आधी बायका उतरायच्या, मग पुरुष, आणि शेवटचा माणूस हातात धोंडा घेऊन मागून चालायचा. गाडी मागे सरू लागली की धोंडा चाकाखाली लावायचा, एवढेच त्याचे काम.

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाताना हा धोंडा महिपतच्या बायकोच्या, राहीच्या वाट्याला आला. अंगावर नवी साडी, डोक्यावर पदर आणि हातात धोंडा, अशी ती माहेरच्या घाटीने जीपच्या मागून चालत गेली. वाडीतल्या बायकांनी तिला 'धोंडाबाय' नाव ठेवले आणि ते चिकटले. त्याच दिवशी तिने सांगून टाकले, "ही गाडी माझ्या माहेरची घाटी न थांबता चढंल, तवाच मी हिच्यात बसंन."

त्याला तीन वर्षे झाली. राही माहेरी चालत जायची आणि महिपतच्या शेजारच्या जागेवर आंब्याच्या पेट्या नाहीतर परकी माणसे बसायची. बायकोला शेजारी बसवून न्यावे एवढीच त्याची इच्छा होती, आणि तेवढीच पुरी होत नव्हती.

शहाऐंशी साली लवू मेकॅनिक दुबईहून परत आला. येताना ट्रंकेत लुंग्यांमध्ये गुंडाळून त्याने एक टर्बो आणला होता. आकार शंखाचा, म्हणून संगमेश्वरात त्याला कोणी टर्बो म्हटलेच नाही. सगळे शंखच म्हणत.

"इंजिनाचा धूर फुकट जातो का नाय?" लवूने समजावले. "तो धूर ह्या शंखातला पंखा फिरवतो. पंखा इंजिनात हवा कोंबतो. जास्ती हवा, जास्ती डिझेल, जास्ती घोडे."

"किती घोडे?"

"चार पौंड हवा दिली तर आठ वाढतील."

शंख बसवून दोघांनी रिकामी जीप घाटीला घातली. ती आजवर कधी गेली नव्हती इतकी वर, फणसाच्या वळणापर्यंत गेली आणि तिथे तिने दम सोडला. वळणावर राहीचे वडील, काशीराम, धोंडा घेऊन उभेच होते. मोतीबिंदूमुळे म्हाताऱ्यांना फारसे दिसत नसे, पण जावयाच्या जीपचे कण्हणे ऐकले की ते घरातून निघत. धोंडाही त्यांचा खास होता, जांभ्याचा, चाकाच्या मापाने घडवलेला.

"लावला बगा," ते वाकून म्हणाले. "राही नाय आली?"

"नाय आबा. येल चालत."

"बरं," काशीराम म्हणाले आणि उगाच धोंडा थोडा आत सरकवला.

खाली येताच महिपत म्हणाला, "लवू, हवा वाढव."

"सात पौंड करतो. चौदा घोडे मिळतील. पन त्याच्या पुढं मागू नको, इंजिन फुटंल."

घाटी महिपतने राहीसाठी राखून ठेवली आणि इतर चढणींवर गाडी चालवून पाहिली. सात पौंडांवर ती भरल्या पोटाने चढली. उतारू तीन दिवस उतरलेच नाहीत. फक्त इंजिनावर जोर आला की शंख शीळ घालू लागला, लांबलचक आणि गोड. आणि वाटेवरची पाणवठ्याची विहीर नेमकी चढणीवर होती.

तिसऱ्या दिवशी शेजारची येसूबाई राहीकडे आली. "तुझा घोव बायांना बगून शीळ घालतो गो."

महिपतने शपथा घेतल्या. चौथ्या दिवशी तोंड बंद राहावे म्हणून त्याने गालात पान धरून गाडी चालवली. येसूबाई संध्याकाळी पुन्हा हजर. "तोंडात पान आसताना शीळ घालतो. किती वर्सांचा सराव आसंल."

राहीने सगळे ऐकून घेतले आणि नवऱ्याला म्हणाली, "उद्या मी येतंय गाडीत."

"घाटी चढंल बग आता."

"घाटीचं ऱ्हाऊ दे. मला तुमचं तोंड बगायचं हाय."

दुसऱ्या दिवशी राही पुढच्या सीटवर आडवी वळून बसली, रस्त्याकडे पाठ फिरवल्यासारखी. घाटी सुरू झाली आणि शीळ घुमली. महिपतने ओठ घट्ट मिटले होते.

"नाकातनं घालताव काय?"

त्याने एका हाताने नाक चिमटीत धरले. शीळ चालूच राहिली. तेव्हा मात्र राहीला हसू फुटले, आणि मग ते थांबेना. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती, तो तिच्या हसण्याकडे. तीन वर्षांत दोघांनी एकमेकांकडे इतके निवांत पाहिले नव्हते. त्या नादात घाटी कधी संपली ते दोघांनाही कळले नाही. जीप थेट अंगणात येऊन थांबली.

राहीची आई, गोदा, बाहेर आली आणि चकित झाली. "धोंड्याबिगर कशी आली गाडी? आबा कुठं हायत? आवाज ऐकून कवाच धोंडा घेऊन गेले ते."

दोघे धावत वळणावर गेले. काशीराम फणसाखाली धोंडा छातीशी धरून उभे होते.

"कोन, राही? चालत आलीस गो? जरा थांब, जावयाची गाडी यायची हाय. आत्ता येक शीळ मारीत गेली, ती कुना सायबाची. आपली तशी पळत नाय."

"आबा, तीच आपली," महिपत म्हणाला. "राही गाडीतनंच आली."

"न थांबता?" म्हाताऱ्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी हातातल्या धोंड्याकडे पाहिले. "झ्याक झालं. मंग आता ह्याचं काय काम नाय." आणि धोंडा त्यांनी फणसाच्या मुळाशी हलकेच ठेवून दिला. राहीला गलबलून आले.

परतीच्या वाटेवर तिने जीप लवूच्या गॅरेजपाशी थांबवायला लावली.

"लवूभावजी, शंखाची हवा कमी करा. चार पौंड ठेवा."

"वैनी, सहा घोडे जातील."

"जाऊ देत."

महिपत बघतच राहिला. "अगो, मंग ती फणसाच्या वळणावर थांबंल."

"म्हनूनच सांगतंय," राही म्हणाली आणि पुन्हा पुढच्या सीटवर जाऊन बसली.