नजरेतली पोकळी

“दत्तक माणूस मी रस्त्याच्या पलीकडून ओळखतो! नुसत्या नजरेवरून!”

कात्रीसाहेबांनी ही घोषणा केली तेव्हा घरात श्रोते दोनच. पत्नी कपड्यांच्या घड्या घालत होती आणि आई मटार सोलत होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आईच्या हातातला मटाराचा दाणा निसटून थेट सोफ्याखाली गेला. छाप पडली, असं साहेबांना वाटलं.

कात्रीसाहेब एका दैनिकात उपसंपादक. हाती आलेल्या बातमीचे दोन परिच्छेद उडवल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे, म्हणून ऑफिसने हे नाव बहाल केलेलं. वाक्य लांबलं की त्यांना लगेच दिसे. त्या वाक्यात म्हटलंय काय, ते दिसेलच असं नाही. आपल्याच भागात पाणी येणार नसल्याची बातमी एकदा त्यांनी स्वतः तपासली, मथळा सुटसुटीत केला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंगाला साबण फासून नळाशी भांडत उभे राहिले!

तर असे हे साहेब आता दत्तक या विषयावर कादंबरी लिहिणार होते. कादंबरीची एकही ओळ अजून झाली नव्हती, पण तयारी अशी दांडगी की कपाटाच्या दारांवर कागद चिकटवून चिकटवून कपाट उघडेनासं झालं होतं. घरचे कपडे आठवडाभर खुर्चीवर मुक्कामाला होते. एका कागदावर नायक: ‘उंच, अबोल, नजरेत कायमची पोकळी.’ दुसऱ्यावर स्थळ: ‘डोंगरउतारावरचा अनाथाश्रम. धुकं. दूर कुठेतरी घंटा.’ आणि मधोमध, लाल शाईत, ‘तो क्षण’: नायकाला सत्य कळतं, पायाखालची जमीन सरकते, घशाला कोरड पडते आणि तो अनवाणी धावत सुटतो.

“एकदा खऱ्या संस्थेत जाऊन तरी या,” पत्नी म्हणाली.

“आणि तिथे धुकं नसलं तर?”

“बरं, तो अनवाणी का धावतो?”

“दुःखात कोणी चपला शोधत बसतं का?”

प्रकाशकालाही चपलेचीच शंका आली होती. “आराखडा झकास आहे, पण ‘तो क्षण’ मला पटत नाही,” असं त्याने फोनवर स्पष्ट सांगितलं. “एखाद्या खऱ्या दत्तक माणसाला विचारून या. सोमवारपर्यंत. नाहीतर तुमची जागा केसांच्या निगेवरच्या पुस्तकाला देतो.”

केसांच्या निगेवरच्या! साहेबांच्या टकलाला हा अपमान फारच जिव्हारी लागला.

“अरे, त्यासाठी बाहेर कशाला जातोस,” आई म्हणाली, “मी सांगते ना...”

“आई, हे संशोधन आहे. मटार नाहीत!”

पहिला प्रयोग ऑफिसातल्या फोटोग्राफरवर झाला. त्याच्या नजरेत पोकळी होती. साहेबांनी त्याला कोपऱ्यात घेतलं आणि भारदस्त आवाजात म्हणाले, “मला सगळं कळलंय. मन मोकळं कर.”

फोटोग्राफर पांढराफटक पडला. “साहेब, ऑफिसचा कॅमेरा मेव्हणीच्या लग्नाला नेला होता, कबूल! पण एकदाच!”

हा काही ‘तो क्षण’ नव्हता. साहेब खट्टू होऊन घरी परतले, आणि जिन्यातच नशीब उघडलं. वरच्या मजल्यावरच्या बेकरीवाल्या बाईंची कॉलेजात जाणारी मुलगी खाली येत होती. उंच. अबोल. समोर साक्षात साहेब उभे, तरी ती त्यांच्या आरपार कुठेतरी दूर पाहत होती. पोकळीच पोकळी!

साहेबांनी खिशातलं पेन काढलं. “बेटा, घरच्यांनी तुला सांगितलं नसेल. पण तुझी नजर सांगते. तू दत्तक आहेस. आता कळल्यावर नेमकं कसं वाटतंय?”

मुलीने डोळे बारीक केले, मोठे केले, आणि “आई!” अशी किंकाळी फोडून वर धावत सुटली. चपला घालून. तेवढं सोडलं तर वर्णन तंतोतंत जुळत होतं.

साहेब सोफ्यावर टेकतात न टेकतात तोच दार धाडकन उघडलं. कोपरापर्यंत पीठ लागलेल्या बेकरीवाल्या बाई आत आल्या, हाताला धरून मुलीला ओढत. मुलगी हुंदके देत होती. आईचं नाक, आईची हनुवटी, आईचाच आवाज. फक्त पीठ कमी.

“काय हो, पेपरवाले! ही दत्तक?” बाई गरजल्या. “हे नाक बघा! आता हे बघा! असलं नाक दुसरीकडून कुठून आणणार आम्ही?”

“पण तिची नजर... ती पोकळी...”

“अहो, तिला लांबचं दिसत नाही! चष्मा लावायला लाजते!”

“आई!” मुलगी किंचाळली. दत्तक असण्यापेक्षा हे तिला जास्त झोंबलं होतं.

“वहिनी, जाऊ द्या,” मटाराचं ताट बाजूला सारत साहेबांची आई शांतपणे म्हणाली. “त्याला नाही ओळखता येत दत्तक माणूस. इतकी वर्षं रोज आरशासमोर दाढी करतो, तिथे तरी कुठे ओळखलंय!”

मुलीने हुंदका अर्धवट सोडला.

“म्हणजे?” साहेब म्हणाले.

“म्हणजे तूच. दोन महिन्यांचा होतास, आम्ही तुला घरी आणलं.”

“आणि मला कोणी सांगितलं नाही?”

“सांगितलं नाही?” आईचा आवाज चढला. “आठ वर्षांचा होतास तेव्हा सांगितलं. ‘बरं, मग मी खेळायला जाऊ?’ म्हणालास. नोकरीला लागलास तेव्हा तुझ्या बाबांनी समोर बसवून पुन्हा सांगितलं. बिचारे आठवडाभर मनात जुळवाजुळव करत होते. सगळं ऐकून तू म्हणालास, ‘बाबा, वाक्य फार लांबतंय, दोन करा.’ त्यांनी दोन केली. ‘आता छान झालं,’ म्हणालास आणि ऑफिसला गेलास!”

साहेबांनी आशेने पत्नीकडे पाहिलं.

“मला लग्नाआधीच सांगितलं होतं आईंनी,” ती म्हणाली. “मीही एकदा विषय काढला. तुम्ही म्हणालात, सुरुवात चांगली आहे, शेवट काप.”

बेकरीवाल्या बाई भांडायचं विसरून खुर्चीवरच्या कपड्यांवरच बसल्या. साहेब उठले, आत गेले, आरशात डोळ्यांना डोळे भिडवून बराच वेळ पोकळी शोधत राहिले. डाव्या डोळ्यात साबणाची जुनी लाली तेवढी होती. बाहेर आले तेव्हा आई हातात त्यांचंच पेन घेऊन बसली होती.

“हं, सोमवार जवळ आलाय. नेमकं सांग. कळल्यावर कसं वाटतंय?”

कात्रीसाहेबांनी पायाखालची जमीन तपासली. जागेवर होती. घसा तपासला. ठीक होता. धावायची इच्छा तर मुळीच नव्हती. त्यांनी आईकडे पाहिलं. तीच ती, मटाराची सालं पदरावरून झटकणारी.

“आई,” ते ओशाळून म्हणाले, “भूक लागलीय.”

“कापायला काही नाही यात,” आई म्हणाली आणि ताटं घ्यायला उठली.