सार्वजनिक अर्थिंग

जवळा बाजार या गावात आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या रामकिशनने २००४ साली घरचा जुना लोखंडी नळ काढून प्लास्टिकचा टाकायचं ठरवलं, आणि गल्ली सुधार समितीला तातडीची बैठक बोलवावी लागली. समितीचा सचिव मीच. त्यामुळे पुढची हकीकत अधिकृत समजावी.

रामकिशनचं म्हणणं असं, की पाइप आतून गंजून बुजलाय आणि त्याच्या बायकोला, नर्मदाबाईला, नळाला हात लावला की झटका बसतो. बाईचा त्यात अभ्यासच झाला होता. गल्लीत बल्ब लागले की मनगटापर्यंत, कुणाचा मिक्सर लागला की खांद्यापर्यंत, आणि संध्याकाळच्या मालिकेला थेट दातापर्यंत, असं ती सांगायची. आम्ही तिला वाताचं औषध सुचवलं होतं.

"प्लास्टिकच्या पाण्याला वास येतो," समितीचे अध्यक्ष किशनराव यांनी बैठकीत प्रेमाने समजावलं. "लोखंडाच्या पाण्यानं रक्त वाढतं बाबा."

"मंग तुमच्या घरी प्लास्टिक काहून?" रामकिशनने विचारलं.

हा प्रश्न विषयपत्रिकेवर नव्हता, म्हणून घेतला नाही. आमच्या सगळ्यांच्या घरी कधीचंच प्लास्टिक होतं. लोखंडी पाइप उरला होता तो एकट्या रामकिशनचा. मेन लाइनपासून निघून, आमच्या सगळ्यांच्या भिंतींवरून तो टोकाला त्याच्या घरी जायचा.

पण गडी हट्टी. आठवडी बाजाराच्या दिवशी गल्ली रिकामी बघून त्याने प्लंबर लावला. आम्ही पिशव्या घेऊन परतलो, तर रामकिशनच्या नळाला मनगटाएवढी धार आणि बाकी गल्लीत मिट्ट अंधार!

इथे थोडी तांत्रिक माहिती देणं भाग आहे. विजेला दोन वायरी लागतात. आमचा वायरमन गुलाबसिंग याच्या मते त्यातली एक उजेडाची असते आणि दुसरी मीटर फिरवायची. म्हणून ती दुसरी वायर त्याने घराघरातून काढून रामकिशनच्या पाइपाला बांधून दिली होती. दिवे लागायचे, मीटर आराम करायचं. याला चोरी म्हणणारे लोक असतात. आम्ही काटकसर म्हणायचो.

दुसरी बैठक कंदील लावून घेतली.

"पाइप तुझा असंल," गुलाबसिंग रामकिशनला म्हणाला, "पण अर्थिंग सार्वजनिक हाय."

"वायर सरळ मीटरातून घ्या की!"

"हे बघ, असं अंगावर येऊन बोलायचं न्हाई," किशनराव म्हणाले.

"मंग तो पाइप घेऊन जा अन् आपापल्या दारात गाडा."

"आमच्या दारात लेकरं खेळतात रे! करंट उतरतो त्यात."

वाताचं निदान तिथंच मागे घेण्यात आलं.

रामकिशन ऐकेना, तेव्हा नाइलाजाने आम्ही भिंतींचा विषय काढला. त्याचा नवा पाइपही आमच्याच भिंतींवरून जात होता. भिंती खासगी आहेत. त्यांवर प्लास्टिक चालणार नाही, लोखंड चालेल, असा ठराव एकमताने झाला. बिचारा काय करतो? पाण्यावाचून कुणाचं भागतं का? आठवड्यात लोखंडी पाइप परत लागला, आणि गल्ली उजळली.

नर्मदाबाईच्या त्यागाची कदर म्हणून आम्ही तिचा जाहीर सत्कार ठेवला. शाल, नारळ आणि रबरी चपलांचा जोड. हॅलोजनसुद्धा लावला होता. तो कशावर चालला, ते सांगायला नको.

बाईने शाल परत केली, चपला ठेवून घेतल्या, आणि माइक न घेताच बोलली.

"तुमच्या मालिका माझ्या हाडातून जाऊन राहिल्या. आता उद्यापासून पाळी लावा. रोज एका घरानं येऊन माझं पाणी भरून द्यायचं. बाकी काई नको, नळाला हात तेवढा लावा."

टाळ्या जोरात पडल्या. पाळीला मात्र अजून कुणी आलेलं नाही. सूचना समितीच्या विचाराधीन आहे.

तुम्ही हसून राहिले ना? हसा. तुमचं लाइट बिलही कमीच येत असेल, तर समितीतर्फे अभिनंदन. फक्त एकदा घरातली ती दुसरी वायर हाताने धरत धरत शेवटपर्यंत जा. तिथं कुणीतरी बाई चपला घालून पाणी भरत असेल. तिला सांगा, वात आहे म्हणून.